दोन-दोन एचएसटी आणि चार-चार एचएसटी: कड सरळ की उरेब?

क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडी करणं, शिकायला लागलं की हाफ स्क्वेअर ट्रायँगल, म्हणजे एचएसटी, लगेच समोर येतो: दोन रंगांचे त्रिकोण कर्णावर जोडून झालेला चौकोन. तो करायच्या दोन रीती सगळीकडे दिसतात. एकीत एका वेळी दोन निघतात, दुसरीत चार. टेबलावर ठेवले तर कुठला कुठल्या रीतीचा हे ओळखू येत नाही, म्हणून ‘चार निघतात तर चारच करू’ असं बहुतेक जणी ठरवतात. मला हा निर्णय घाईचा वाटतो. दिसायला सारख्या असलेल्या या दोन चौकोनांच्या कडा अगदी वेगळ्या स्वभावाच्या असतात.

सुरुवात दोन्हीकडे एकच. दोन रंगांचे सारखे चौकोन सुलटीवर सुलट ठेवायचे. दोनच्या रीतीत मधोमध कर्ण आखून त्याच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारायची आणि आखलेल्या रेघेवर कापायचं. चारच्या रीतीत चारही कडांना पाव इंच आत टीप मारून चौकोन बंद करायचा आणि मग दोन्ही कर्णांवर कापायचं. आखणं कमी, टीप सलग, काम झपाझप.

आता धागा बघा. दोनच्या रीतीत तिरका जातो तो फक्त कर्ण, आणि तो कापायच्या आधीच टिपेने बांधला गेलेला असतो. बाहेरच्या चारही कडा उभ्या-आडव्या धाग्यावर राहतात. चारच्या रीतीत याच्या बरोबर उलट होतं. मूळ चौकोनाची सरळ कड शिवणीत जाते आणि कापलेले कर्ण बाहेरची कड होतात. म्हणजे चारही कडा उरेब, धाग्याला तिरक्या. ब्लाउजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो ती वळावी, ताणली जावी म्हणून. इथे नेमकं तेच नको असतं. एक चौकोन ताणला गेला तर चालून जातं, पण असे चौकोन ओळीत जोडत गेलं की टोकं जुळत नाहीत आणि ब्लॉकच्या, म्हणजे चौकोन जोडून झालेल्या मोठ्या नमुन्याच्या, मध्यभागी झोळ येतो. तो झोळ इस्त्रीने जात नाही.

तयार चौकोन कुठल्या रीतीचा हे बघायचं असेल तर समोरासमोरच्या दोन कडा चिमटीत धरून हलकेच ओढा. ताणला गेला तर तो चारच्या रीतीचा. चौकडीचं किंवा रेघांचं कापड असेल तर ओढायचीही गरज नाही. दोनच्या रीतीत रेघा कडेला समांतर असतात, चारच्या रीतीत तिरक्या. त्यातही रेघांच्या कापडातून निघालेल्या चारांपैकी दोघांत रेघा शिवणीला समांतर येतात आणि दोघांत शिवणीला काटकोनात. खणाच्या बुट्ट्या किंवा इरकलीची चौकडी वापरताना हे आधी लक्षात घ्या, नाहीतर ब्लॉक मांडल्यावर बुट्ट्या भलतीकडे तोंड करून बसतात.

मापाचा हिशेब. शिवून झाल्यावर ३ इंची चौकोन हवा, म्हणजे माया (शिवणीत जाणारं कापड) धरून साडेतीन. दोनच्या रीतीला नेमका चौकोन लागतो ३ इंच ७ सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), पण मी ४ इंच घेऊन नंतर छाटते. चारच्या रीतीला साडेपाच इंच कसेबसे पुरतात, छाटायला वाव हवा तर पावणेसहा घ्यावे. चार चौकोनांसाठी एकूण कापड दोनच्या रीतीत ६४ चौरस इंच, चारच्या रीतीत सुमारे ६६. कापड वाचतं असं जे म्हटलं जातं ते या मापाला खरं नाही. वाचतो तो वेळ.

मग चारची रीत वापरायचीच नाही का? वापरावी, पण घट्ट विणीच्या कॉटनवर आणि कापड कापायच्या आधी खळ देऊन, पूर्ण वाळवून. इस्त्री फिरवायची नाही, उचलून ठेवायची. मलमल किंवा आजीच्या मऊ सुती साड्यांची गोधडी करायची असेल तर मात्र दोनचीच रीत. जुनं सूत आधीच सैल झालेलं असतं, त्यात कडा उरेब म्हणजे हाताने धावदोरा घालताना प्रत्येक ओळीत कापड सरकणार.

हत्यारांत रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) आणि त्याखाली ठेवायची मॅट असेल तर उत्तम. हा कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये आणला, आणि उरेब कड कापताना त्याचं मोल कळतं, कारण कात्रीने कापड उचललं जातं आणि थर सरकतात. छाटण्यासाठी कर्णाची रेघ असलेली पट्टी लागते: रेघ शिवणीवर ठेवायची, दोन बाजू छाटायच्या, चौकोन फिरवून उरलेल्या दोन. काही पट्ट्यांना खालून खाच असते, त्यात शिवणीचा उंचवटा बसतो आणि पट्टी हलत नाही. ती महाग वाटली तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून ड्रॉइंगचा मोठा, पारदर्शक ४५ अंशांचा गुण्या आणा. मापं सेंटिमीटरमध्ये असतील, पण कोन अचूक मिळतो. मशीनला पाव इंची फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा, टीप पाव इंचावर ठेवणारा भाग) मात्र घ्याच, आणि टीप पाव इंचाला दोराभर कमी मारा, कारण शिवण दुमडताना तेवढं कापड खाते.

घाई असेल आणि कडाही सरळ हव्या असतील तर आठची रीत आहे. ८ इंचाचे दोन चौकोन घ्या, दोन्ही कर्ण आखा, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा. मग मधोमध उभं, मधोमध आडवं आणि दोन्ही कर्णांवर कापा. मधे कापड हलू देऊ नका. छाटून ३ इंची मापाचे आठ चौकोन मिळतात, कापड दोनच्या रीतीइतकंच लागतं आणि बाहेरची एकही कड उरेब येत नाही.