भिंतीवरचं ब्रीदवाक्य आणि नियमावर ठेवलेलं बोट

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत धर्माचा नियम आला की कोर्टाइतकीच थट्टाही कामाला लागते. कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळाने २००५ साली उत्क्रांतीच्या जोडीला ‘इंटेलिजंट डिझाइन’ला, म्हणजे सृष्टी कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवली या मताला, वाव द्यायच्या हालचाली सुरू केल्या. तेव्हा बॉबी हेंडरसन या भौतिकशास्त्राच्या पदवीधराने मंडळाला पत्र लिहिलं: विश्व उडत्या स्पगेटी राक्षसाने घडवलं, शिकवताना एक तृतीयांश वेळ त्यालाही द्या, आणि तो भाग शिकवणाऱ्याने समुद्री चाच्याचा पोशाख घालावा. पत्र जगभर गाजलं. अभ्यासक्रमाचे निकष मात्र २००७मध्ये मागे घेतले गेले ते मधल्या निवडणुकीत मंडळाचं बहुमत फिरलं म्हणून.

टेक्सासचं प्रकरण जास्त शिकवून जातं. ‘इन गॉड वी ट्रस्ट’ (देवावर आमचा विश्वास) या अमेरिकेच्या राष्ट्रीय ब्रीदवाक्याचा फलक कुणी देणगी दिला, तर तो प्रत्येक शाळेच्या इमारतीत दर्शनी जागी लावणं २०२१च्या कायद्याने सक्तीचं केलं. फलक टिकाऊ हवा, वाक्याखाली मधोमध अमेरिकेचा झेंडा, शिवाय टेक्सासचा. बाकी मजकूर किंवा चित्र नको. भाषा कोणती, पार्श्वभूमीचा रंग कोणता, यावर कायदा गप्प. फ्लोरिडाचे कार्यकर्ते चॅझ स्टीव्हन्स यांनी तिथेच बोट ठेवलं आणि ब्रीदवाक्य अरबीत छापलं. ऑगस्ट २०२२मध्ये टेक्सासमधल्या साउथलेकच्या शिक्षण मंडळाने अरबी आणि इंद्रधनुषी, दोन्ही फलक परत केले: शाळांत फलक आधीच लागलेत, एकाहून जास्त लावायची सक्ती नाही. कायद्यात ‘एक फलक’ असं लिहिलेलं असताना नंतर फलक घेऊन आलेल्याचा दावा कच्चाच राहणार होता.

शिवाय भिंतीवर लागतं ते सरकारचं स्वतःचं म्हणणं ठरू शकतं. सार्वजनिक बागेत एकाचं स्मारक घेतलं म्हणून दुसऱ्याचंही घ्यायला सरकार बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने समम या धार्मिक पंथाच्या २००९च्या खटल्यात सांगितलं. शाळा सुटल्यावरच्या वर्गखोल्यांचं तसं नाही. त्या बाहेरच्या संस्थांना खुल्या केल्या, तर धार्मिक विचारांच्या क्लबला वगळता येत नाही, हा २००१चा मिलफर्ड निकाल. ख्रिस्ती क्लबने मिळवलेल्या याच निकालाच्या आधारावर सटॅनिक टेम्पल या सैतानाला फक्त प्रतीक मानणाऱ्या संस्थेने २०१६पासून ‘आफ्टर स्कूल सेटन क्लब’ काढले. नाव भडक, आत विज्ञान आणि कोडी. पेनसिल्व्हेनियातल्या सॉकन व्हॅली जिल्ह्याने दिलेली परवानगी काढून घेतली आणि २०२३मध्ये तडजोडीत वकिलांच्या फीचे २ लाख डॉलर भरले.

कायदे करणारेही सावध झाले. बायबलमधल्या दहा आज्ञांच्या फलकासाठी टेक्सासने २०२५ साली किमान १६ बाय २० इंच आकार, वर्गात कुठूनही वाचता येईल असं अक्षर आणि इंग्रजी मजकूर शब्दशः कायद्यातच घातला.