निवडुंग नागपूरच्या उन्हात तगतो, पावसात दगावतो

गच्चीवरचा निवडुंग नवतपा (मेअखेरचे नऊ रखरखीत दिवस) सोसतो आणि जुलैत जातो, हा नागपुरात अनेकांचा अनुभव. बुंधा मातीलगत तपकिरी पडतो, बोटाने दाबला की आत दबतो आणि कुंडी हलवताच झाड उपटून हातात येतं. खाली मुळं कुजलेली असतात.

याचं कारण त्याच्या मूळ मुलखात आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्स शहरात 1939 पासून ‘डेझर्ट बोटॅनिकल गार्डन’ ही वाळवंटी झाडांची बाग आहे. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच, पारा 45 अंशांपर्यंत नेणारा. पाऊस मात्र वर्षाकाठी जेमतेम 200 मिलिमीटर. नागपुरात एकट्या जुलैत त्याहून जास्त कोसळतो. तिथल्या सग्वारो निवडुंगाच्या खोडाला उभ्या चुण्या असतात. पाऊस झाला की त्या उलगडून खोड फुगतं, पाणी वापरलं जाईल तशा पुन्हा आखडतात. मुळं उथळ, दूरवर पसरलेली, मिळेल ते पाणी चटकन ओढणारी. माती दिवसेंदिवस चिंब राहिली की तिच्यात हवा उरत नाही, मुळं गुदमरतात आणि बुरशीचं फावतं.

मला खरं नवल वाटतं ते रात्रीच्या कामाचं. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं, म्हणजे अंगावरची बारीक छिद्रं, उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. निवडुंग रंध्रं रात्री उघडतो, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रं मिटून त्यातून अन्न बनवतो. ही किमया चक्क चाखता येते. भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी पानफुटीचं पान चावून पाहिलं होतं: पहाटे आंबट, दुपारी बेचव. त्यांची ही नोंद 1815 मध्ये छापून आली. पानफुटी निवडुंगाच्या कुळातली नाही, पण युक्ती तीच.

म्हणून या झाडांना रात्रीचा गारवा लागतो. 2023 मध्ये फीनिक्सला सलग 31 दिवस पारा 43 अंशांवर होता आणि कित्येक रात्री तो 32 च्या खाली आला नाही. तेव्हा सग्वारोंच्या फांद्या गळाल्या, काही झाडं उन्मळून पडली. मे महिन्यात नागपुरातही रात्री तापतात, तेव्हा हा धोका आपल्यालाही परका नाही.

नागपुरात निवडुंगांची अशी बाग करायची तर उन्हासाठी जाळी नंतर, आधी पावसासाठी पारदर्शक छप्पर आणि मुरूम-वाळूचे उंच वाफे हवेत. सुरुवात कुंपणावरच्या दोन झाडांपासून व्हावी. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. भिंगातून पाहिलं तर त्याचे काटे लव असलेल्या बारीक गादीतून फुटलेले दिसतात. त्रिधारी निवडुंग आपल्याकडचा, एरंडाच्या कुळातला. त्याला तशी गादी नसते, पण खरचटलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांना फार घातक, म्हणून हात लावताना जपावं. दोघांचं कूळ वेगळं, रूप मात्र कोरड्या हवेने सारखं घडवलेलं. दोन्ही शेजारी लावावेत आणि प्रत्येकाच्या पाटीवर नावासोबत मूळ ठिकाणही लिहावं. त्या नोंदीवाचून संग्रहातलं झाड अभ्यासाच्या फारसं उपयोगी पडत नाही.