पंढरपूरची सार्वजनिक शौचालये: वादामागचा इतिहास

पंढरपुरात सार्वजनिक शौचालय बांधायचे म्हटले की जागा, आकार आणि देवळापासूनचे अंतर यांवर वाद सुरू होतो. प्रदक्षिणा मार्गालगत ते नको, घाटाच्या तोंडाशी नको, आपल्या दाराशी तर नकोच, असे म्हणणाऱ्या रहिवाशांना केवळ आडमुठे ठरवणे योग्य नाही, कारण तुंबलेल्या आणि अस्वच्छ शौचालयांचा त्रास त्यांनीच वर्षानुवर्षे सोसला आहे.

मूळ अडचण गावाच्या घडणीत आहे. चंद्रभागेच्या काठी दाटीने वसलेल्या या गावात अरुंद बोळ, मठ आणि वाडे आहेत. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांना, त्यातही आषाढीला, गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसे येतात. एकादशीनंतर काही दिवसांतच ही गर्दी ओसरते. म्हणून गावापुरती बांधलेली शौचालये वारीत अपुरी पडतात आणि वारीच्या हिशेबाने बांधलेली एरवी ओस पडून मोडकळीस येतात.

इंग्रजी अमदानीत पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथी यात्रेबरोबर गावोगाव पसरत असल्याने पंढरपूरची स्वच्छता ही सरकारी चिंतेची बाब झाली आणि यात्रेकरूंवर कर बसवून नगरपालिकेच्या खर्चाची सोय करण्यात आली. त्या काळच्या शौचालयाचा अर्थ मात्र पाटीचा संडास असाच होता. जुन्या वाड्यांतल्या शेतखान्याचे, म्हणजे संडासाचे, दार मागच्या बोळात उघडे आणि तिथून मेहतर समाजातील स्त्री-पुरुष मैला काढून डोक्यावरून वाहून नेत. शौचालय कुठे असावे याचा विचार वापरणाऱ्याच्या सोयीने झाला, पण ते साफ कोण आणि कसे करणार याचे उत्तर जातीने आधीच देऊन ठेवले होते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत जड गोष्ट हीच आहे.

गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन चंद्रभागेच्या पात्रातले वाळवंट झाडले आणि तिथेच कीर्तन केले, तेव्हा त्यांनी या उत्तरालाच आव्हान दिले. अस्पृश्य यात्रेकरूंसाठी त्यांनी पंढरपुरात उभारलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. त्याच सुमारास कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन मैल्याचे खत करणाऱ्या गोपुरी संडासाचे प्रयोग करत होते. माणसाला मैल्याला हात लावावा लागू नये, हा त्या रचनेचा हेतू होता. रचनेतून अन्याय कमी करता येतो हे त्यांनी दाखवले होते, याची आठवण आजच्या चर्चेत फारशी कोणी काढत नाही.

मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध संसदेने १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे केले. तरीही यात्राकाळात वाळवंटातली आणि रस्त्यावरची घाण माणसांकडून हाताने उचलली जात असल्याची तक्रार जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने पुरेशी शौचालये उभारण्यास सांगितले आणि वाळवंटातल्या राहुट्यांवर निर्बंध घातले. वाळवंट ही वारकऱ्यांची कीर्तनभूमी असल्याने त्यांच्यातून नाराजी उमटली आणि पुढे भजन-कीर्तनाला ठरावीक दिवसांची मुभा मिळाली. मुक्कामासाठी ६५ एकर जागा विकसित झाली, तर ‘निर्मल वारी’ उपक्रमातून पालखी मार्गावर फिरती शौचालये दिसू लागली.

फिरत्या शौचालयांनी वारीतल्या बायकांची मोठी सोय झाली. आडोसा मिळेपर्यंत पाणीच न पिणे आणि पहाटेच्या अंधारात उरकून घेणे, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले होते. परंतु अशा शौचालयांनाही पाणी, उपसणारे टँकर आणि मैला रिकामा करण्याची जागा लागते. शिवाय यात्रेच्या वेळी भीमेला, म्हणजे पंढरपूरच्या चंद्रभागेला, अनेकदा उजनी धरणातून पाणी सोडावे लागते, इतकी ही नदी परावलंबी झाली आहे. तिच्यात सांडपाणी मिसळणे म्हणजे स्नानाच्या तीर्थातच घाण सोडणे होय.

मंदिराभोवतीचा परिसर मोकळा आणि रुंद करण्याच्या कॉरिडॉर योजनेमुळे आता घरे, दुकाने आणि जुने वाडे जाण्याच्या भीतीचीही या वादात भर पडली आहे. शौचालयाचा दर्शनी भाग दगडी असावा की साधा, कमान जुन्या घाटणीची असावी की नाही, यावर बरीच चर्चा होते. त्याआधी नकाशावर टँकर बोळात कुठून शिरेल, टाकी कोणत्या यंत्राने उपसली जाईल, बायकांसाठी किती जागा राखली आहे आणि वारी नसताना शौचालयाची देखभाल कोणाच्या पगारी जबाबदारीवर असेल, हे लिहून दाखवायला हवे.