आउटबॅकमधून मायक्रोवेव्ह: ऑस्ट्रेलियाच्या फिरत्या हॅम केंद्रांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील काही हौशी रेडिओचालक, म्हणजेच हॅम, मीटरभर व्यासाची तबकडी, बॅटऱ्या आणि लॅपटॉप गाडीत टाकून लोकवस्तीपासून शेकडो किलोमीटर आत, म्हणजे ओसाड आउटबॅकमध्ये, जातात आणि तेथून १० गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे अवघ्या तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर, युरोपपर्यंत संपर्क साधतात. मायक्रोवेव्ह सरळ रेषेत जाते आणि क्षितिजापलीकडे पोचत नाही, असे पाठ्यपुस्तके सांगतात. दक्षिणेकडील नल्लरबोरच्या सपाट, वैराण माळावर जमिनीपासून तीन मीटर उंचीवर ठेवलेल्या दोन अँटेनांना एकमेकींशी थेट बोलता येते ते जेमतेम चौदा किलोमीटरच्या आत. अशा जागी हा उद्योग शक्य कसा झाला, हे समजून घेण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

लांबीने इतक्या लहान लहरींचा पहिला जाहीर प्रयोग आपल्याकडचाच आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये मिलिमीटरच्या मापाच्या लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. पुढे मार्कोनीच्या यशामुळे सगळ्यांचे लक्ष लांब लहरींकडे वळले आणि सूक्ष्म लहरी जवळपास चाळीस वर्षे प्रयोगशाळेतच राहिल्या.

आउटबॅकमधील रेडिओचा विषय निघाला की पायडल रेडिओची आठवण हटकून काढली जाते. जॉन फ्लिन या पाद्रींच्या कल्पनेतून १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील क्लोनकरी येथून विमानाने जाणारी वैद्यकीय सेवा सुरू झाली, पण दूरच्या पशुपालन केंद्रांवरून डॉक्टरला बोलवायचे कसे, हा प्रश्न होता. ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगरने सायकलसारखे पायडल मारून वीज निर्माण करणारा संच बनवून तो सोडवला. ही परंपरा थोर आहे, मात्र तांत्रिकदृष्ट्या ती मायक्रोवेव्हची पूर्वज नाही, असे माझे मत आहे. ट्रेगरच्या संचाच्या लघुलहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून दूर पोचत. तीन सेंटिमीटरची लहर आयनांबर भेदून सरळ अवकाशात निघून जाते. स्वतःची वीज स्वतः बनवून निर्जन जागेतून रेडिओ चालवण्याची सवय तेवढी ट्रेगरच्या काळापासूनची.

खरा धागा सापडतो तो रॉस हल या ऑस्ट्रेलियन हॅमकडे. अमेरिकेत जाऊन हौशी रेडिओच्या राष्ट्रीय संघटनेत काम करणाऱ्या हलने १९३४ मध्ये ६० मेगाहर्ट्‌झच्या आसपास बॉस्टन परिसर आणि वेस्ट हार्टफर्ड यांच्यामधील सुमारे शंभर मैलांच्या मार्गावर सातत्याने नोंदी घेतल्या. थंड हवेवर उबदार हवेचा थर पसरला की क्षितिजापलीकडचे संकेत जोर धरतात, हे त्याने त्या नोंदी हवामानाच्या निरीक्षणांशी ताडून दाखवले. हवेच्या थरांमुळे लहर वाकते आणि पृथ्वीच्या गोलाईला धरून पुढे सरकते, ही गोष्ट तोवर अनेकांना अशक्य वाटत होती. हल १९३८ मध्ये विजेचा धक्का बसून तरुणपणीच गेला. वायरलेस इन्स्टिट्यूट ऑफ ऑस्ट्रेलिया, म्हणजे १९१० मध्ये स्थापन झालेली तेथील हॅम संघटना, त्याच्या स्मरणार्थ आजही व्हीएचएफ (अतिउच्च कंप्रता) आणि त्यावरील लहरींची स्पर्धा घेते.

दुसऱ्या महायुद्धात रडारमुळे याच परिणामाचे टोक दिसले, आणि त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईचे आहे. मुंबईच्या किनाऱ्यावरील २०० मेगाहर्ट्‌झच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत, तेही हजार ते सतराशे मैलांवरून. वाळवंटावरून आलेली कोरडी, तापलेली हवा समुद्रालगतच्या दमट आणि तुलनेने थंड हवेवर पसरली की दोहोंच्या सीमेवर लहरींना अडकवून ठेवणारा थर बनतो. या थराला डक्ट म्हणतात. मॉन्सून आला की हवा ढवळली जाते आणि डक्ट मोडतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर पुढे जे घडले त्याचे भौतिकशास्त्र हेच आहे, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे.

युद्ध संपल्यावर रडारसाठी बनलेले क्लायस्ट्रॉन (सूक्ष्म लहरी निर्माण करणाऱ्या निर्वात नळ्या) आणि वेव्हगाइडचे (त्या लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्यांचे) तुकडे भंगाराच्या भावाने बाजारात आले आणि हॅम मंडळींच्या हाती १० गिगाहर्ट्‌झ लागले. क्लायस्ट्रॉनला शेकडो व्होल्टचा पुरवठा लागे, त्यामुळे तो डोंगरावर नेणे हे कष्टाचे काम होते. जे. बी. गन याने १९६० च्या दशकाच्या आरंभी शोधलेल्या परिणामावर आधारित गन डायोडने ही अडचण दूर केली: गाडीच्या बॅटरीवर चालणारा, दहा-वीस मिलिवॅट देणारा, मुठीत मावणारा ट्रान्समीटर. दोन टेकड्या निवडायच्या, शिंगाच्या आकाराचा अँटेना किंवा छोटी तबकडी रोखायची आणि एकमेकांना शोधायचे, असा तो काळ होता. अंतर किती गाठता येईल हे यंत्रापेक्षा टेकडीच्या उंचीवर ठरत असे आणि ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात उंच टेकड्या फारच तुरळक आहेत.

सपाट प्रदेशात मायक्रोवेव्ह न्यायची तर काय करावे लागते, हे सरकारी यंत्रणेने १९७० मध्ये दाखवून दिले होते. पर्थजवळच्या नॉर्दमपासून दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरीपर्यंत सुमारे २,४०० किलोमीटरची दूरध्वनी जोडणी त्या वर्षी सुरू झाली. तिच्यासाठी ठरावीक अंतराने एकामागून एक मनोरे उभारावे लागले. हौशी माणसाला मनोरे परवडत नाहीत. त्याला निसर्गानेच बांधून ठेवलेला एखादा मार्ग हवा होता.

तो आधी किनाऱ्यावर मिळाला. ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या विशाल उपसागरावर उन्हाळ्यात उच्च दाबाचा पट्टा स्थिरावला की वरून खाली बसणारी कोरडी हवा आणि खालची सागरी हवा यांच्यामध्ये शेकडो मैल लांबीचा डक्ट तयार होतो. पश्चिमेकडील आल्बनीचा परिसर आणि पूर्वेकडील ॲडलेडचा परिसर यांच्यामध्ये १९९४ च्या डिसेंबरअखेरीस १० गिगाहर्ट्‌झवर सुमारे १,९०० किलोमीटरचा संपर्क झाला आणि तो बराच काळ जागतिक विक्रम राहिला. पुढे २०१५ मध्ये आल्बनीहून टास्मानियापर्यंत २,७०० किलोमीटरहून अधिक अंतर गाठले गेले. आउटबॅकच्या कहाणीत हे पराक्रम सर्रास मिसळले जातात, पण ते समुद्राचे आहेत. खंडाच्या अंतर्भागात हवा कोरडी असते आणि डक्ट बळकट करणारा बाष्पाचा फरकच तेथे नसतो. रात्री जमीन वेगाने निवते आणि पहाटेपर्यंत तापमानाची विपरीतता (खाली थंड, वर उबदार हवा) निर्माण होते खरी, मात्र सूर्य वर आला की तापलेली जमीन हवा घुसळून ती पुसून टाकते.

कोरडेपणाचा एक फायदा मात्र आहे. २२ गिगाहर्ट्‌झच्या जवळ पाण्याची वाफ लहरी शोषते, त्यामुळे दमट हवेत २४ गिगाहर्ट्‌झच्या संकेताला दर किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबलचा फटका बसतो, म्हणजे शंभर किलोमीटरला वीस डेसिबल. वाळवंटी हवेत हे नुकसान बरेच कमी होते.

अंतर्भाग खुला झाला तो ग्राहक, म्हणजे संकेत पकडणारा रिसीव्हर, अधिक नेमका झाल्यामुळे. गन डायोडच्या काळात ग्राहकाची पट्टी, म्हणजे तो एका वेळी ऐकतो तो कंप्रतांचा पल्ला, काहीशे किलोहर्ट्‌झ रुंद ठेवावी लागे. ट्रान्सव्हर्टर, म्हणजे नेहमीच्या रेडिओसंचाच्या लहरींचे सूक्ष्म लहरींत आणि उलट रूपांतर करणारे उपकरण, आल्यावर ती अडीच किलोहर्ट्‌झवर आली आणि दोनशेच्या जागी अडीच, या हिशेबाने गोंगाट ऐंशीपट घटला. त्याबरोबर नवी अडचणही आली. १० गिगाहर्ट्‌झवर दशलक्षात एक भाग एवढी चूक म्हणजे १० किलोहर्ट्‌झ, म्हणजे समोरचा माणूस ऐकूच न येणे. आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभ्या गाडीतला, कंप्रता ठरवणारा क्वार्ट्झ स्फटिक एवढा सहज सरकतो. जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांशी जोडलेला कंप्रतेचा संदर्भ हौशींना परवडू लागला तेव्हा हा प्रश्न मिटला. मला हा बदल तबकडीच्या आकारापेक्षा किंवा वॅटांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

विमानांवरून होणारे परावर्तन हा त्यातला एक मार्ग. अकरा किलोमीटर उंचीवरचे विमान दोन्ही बाजूंना चारशेहून अधिक किलोमीटरवरून ‘दिसते’, म्हणून सुमारे आठशे किलोमीटरपर्यंतचे संपर्क काही सेकंद ते मिनिटभर शक्य होतात. शहरांना जोडणाऱ्या हवाई मार्गांखाली हे नित्याचे झाले आहे. वाळवंटात विमानाची वाट पाहत बसावे लागते.

चंद्राचा मार्ग मात्र सगळीकडून खुला असतो. हौशींनी चंद्रावरून परतलेल्या संकेतांद्वारे दुतर्फा संपर्क १९६० मध्ये १,२९६ मेगाहर्ट्‌झवर साधला आणि १० गिगाहर्ट्‌झवर १९८८ मध्ये. त्यासाठी मोठ्या तबकड्या लागत, कारण जाऊन-येऊन सुमारे २९० डेसिबलची हानी होते. पल्सारवरील (नियमित रेडिओ स्पंदने देणाऱ्या ताऱ्यांवरील) संशोधनासाठी १९९३ चे नोबेल मिळालेले जो टेलर हे स्वतः हॅम. त्यांनी २००१ पासून दुबळ्या संकेतांसाठी मोफत संगणक प्रणाली उपलब्ध करून दिल्या. मिनिटभर पाठवायचे, मिनिटभर ऐकायचे आणि कानाला अजिबात न जाणवणारा संकेत गणिताने बाहेर काढायचा, ही त्यांची रीत. १० गिगाहर्ट्‌झवर चंद्राच्या डुगडुगीमुळे संकेत शंभर हर्ट्‌झ किंवा त्याहूनही जास्त पसरतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वीस किलोहर्ट्‌झहून अधिक सरकू शकतो. म्हणून स्वरांमध्ये जास्त अंतर ठेवणारे प्रकार या लहरींवर वापरले जातात आणि सरकण्याची भरपाई संगणक करतो. आता मीटरभराची तबकडी आणि दोन आकडी वॅट एवढ्यावर, समोर मोठे केंद्र असेल तर, काम भागते.

एवढे करून माणसे निर्जन जागीच का जातात, याचे उत्तर १९८० मध्ये इंग्लंडमधील मेडनहेड येथे ठरलेल्या पद्धतीत आहे. तिच्यानुसार पृथ्वी दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांशाच्या चौकोनांत विभागली गेली आणि निरनिराळ्या चौकोनांशी संपर्क साधणे हा जगभरच्या हॅमचा छंद बनला. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी असा चौकोन सुमारे २०० किलोमीटर रुंद आणि १११ किलोमीटर उंच भरतो आणि अशा कित्येक चौकोनांत एकही हॅम राहत नाही. त्यामुळे तेथून चंद्राकडे तबकडी रोखणाऱ्या माणसाची युरोप-जपानमधील मोठी केंद्रे वाट पाहत असतात. मोबाइलचा टॉवर नसलेल्या जागी ऐनवेळी निरोप देण्याची सोय नसते. म्हणून चंद्र दोन्हीकडे क्षितिजाच्या वर असण्याची वेळ, कोणी आधी पाठवायचे आणि कोणत्या कंप्रतेवर, हे सगळे घर सोडण्यापूर्वीच ठरवून घेतले जाते.