अडीला धावलेले घास

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणालाही विचारा, मन थाऱ्यावर नसताना काय खावंसं वाटतं? उत्तरं ठरलेली असतात. मऊ भात-मेतकूट, वरणभात, पिठलं-भाकरी, सुकट आणि तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, साबुदाण्याची खिचडी, वडापाव, मिसळ. यात पक्वान्न एकही नाही. पुरणपोळी, श्रीखंड, बिर्याणी ही सणावाराला आणि पाहुण्यारावळ्यांसाठी. तापातून उठलेला, कामावरून दमून आलेला किंवा मयताच्या घरून परतलेला माणूस मागतो ते वरच्या यादीतलंच काहीतरी. या पदार्थांच्या मागे जाऊन पाहिलं की जवळजवळ प्रत्येकाच्या मुळाशी कसली ना कसली टंचाई सापडते. भाजीची, मासळीची, पैशाची, वेळेची, नाहीतर आजाऱ्याच्या पोटातल्या ताकदीची. जे अडीनडीला धावून आलं, तेच पुढे जिवाभावाचं झालं असं मला वाटतं, आणि ठाणे खाडीच्या दोन्ही काठांचा इतिहास मला त्याच बाजूला नेतो.

मुळात हा भाताचा मुलूख. खाडीकाठच्या खारजमिनीला बांध घालायचा, भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं आणि पावसाच्या पाण्यावर भात काढायचा, ही इथल्या आगरी शेतकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. आत डोंगराकडे मुरबाड, शहापूर, वाडा हे तालुकेही भाताचेच. वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2014 च्या विभाजनानंतर वाडा पालघर जिल्ह्यात गेला, तरी ठाण्याच्या वाणसामानाच्या दुकानांत त्या तांदळाचा मान कमी झालेला नाही. पण भात पिकवणाऱ्याच्या घरी भात मुबलक असायचाच असं नाही. म्हणून पेज. तांदूळ मूठभर, पाणी भरपूर, चवीला मीठ, तोंडी लावायला लोणच्याचा खार किंवा सुक्या मासळीचा तुकडा. शेतावर जाण्याआधी घरातली सगळी माणसं त्यावर निघत.

मऊ भात हा त्या पेजेचाच घरंदाज भाऊ. वाटीभर तांदूळ धुऊन चार-पाच वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवायचे. शितं फुटून एकमेकांत मिसळेपर्यंत पळी फिरवत राहायचं, मग मीठ आणि वरून साजूक तूप. त्यावर मेतकूट. मेतकुटासाठी हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडे तांदूळ, थोडे गहू वेगवेगळे भाजतात. मेथीदाणे सगळ्यांत शेवटी आणि अगदी थोडे. त्यांचा रंग जरा बदलला की कढई खाली घ्यायची, नाहीतर सगळा डबा कडू होतो. धणे, जिरे, सुंठ, हिंग, हळद घालून बारीक दळलं की मेतकूट महिनोन्‌महिने टिकतं. यातली हुशारी अशी की डाळ आधीच भाजलेली असल्यामुळे ती पुन्हा शिजवावी लागत नाही. घरात आजारी माणूस आहे, करणारीचा एक हात त्याच्या कपाळावर आहे, अशा वेळी चुलीवर एकच भांडं ठेवून जेवण तयार होतं. फुगलेलं शित चावावं लागत नाही, पोटाला जड जात नाही, आणि भाजलेल्या डाळीच्या वासानं तोंडाला चव येते.

या वासाचं महत्त्व मोठं आहे. वासाची वर्दी मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थेट पोचते. त्यामुळे हिंग-तुपाचा वास आला की लहानपणीचा ताप, गोधडी आणि शेजारी बसलेली आजी हे सगळं एकदम समोर येतं. मानसशास्त्रज्ञांनीही हा प्रश्न हाताळला आहे. अमेरिकेतल्या जॉर्डन ट्रॉइझी आणि शायरा गॅब्रियल यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की असं आवडतं अन्न माणसाच्या मनात जवळच्या नात्यांशी बांधलेलं असतं. ज्यांची नाती घट्ट आहेत, त्यांना त्या अन्नाच्या नुसत्या आठवणीनंही एकटेपणा कमी वाटला. याच्या उलट बाजूचाही अभ्यास आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या ट्रेसी मान आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये लोकांना आधी उदास करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. मग काहींना त्यांचं खास आवडतं अन्न दिलं, काहींना दुसरं काही, काहींना काहीच नाही. थोड्या वेळानं सगळ्यांचीच मनःस्थिती साधारण सारखी सुधारली. मला दोन्ही निष्कर्ष एकत्र पटतात. ताटात घातलेल्या पदार्थात औषध नाही. तो कुणी आणि कसल्या वेळी भरवला होता, त्यात सगळं आहे. प्रयोगशाळेत भरवणारं माणूस कुठून आणणार?

आता खाडीकडे वळू. चेंदणी कोळीवाडा ठाणे स्टेशनाला लागून आहे. पलीकडे वाशी, सारसोळे, दिवाळे, बेलापूर ही कोळी-आगरी गावं. समुद्र खवळलेला असतो आणि मासळीच्या प्रजननाचा हंगाम असतो म्हणून राज्यात जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. कायदा नव्हता तेव्हाही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावरच असत. त्या महिन्यांची बेगमी उन्हाळ्यात व्हायची. जवळा, बोंबील, आंबाड उन्हात खडखडीत वाळवून डब्यात. बाहेर धो धो पाऊस, बाजारात ताजी मासळी नाही, हातात पैसा नाही, आणि घरात फक्त तांदळाचं पीठ आणि सुकट. त्यातून जे जेवण उभं राहिलं त्यासाठी आज नोकरीनिमित्त बंगळुरूला गेलेला घणसोलीचा मुलगा आईला फोन करतो.

हे जेवण करताना बघण्यासारखं असतं. सुकट आधी कोरड्या तव्यावर परतायची, कचरा पाखडून काढायचा, पाण्यातून दोनदा काढून घट्ट पिळायची. तेलात भरपूर कांदा आणि ठेचलेला लसूण, त्यावर घरचा लाल मसाला, मग सुकट, आणि आंबटाला कोकम किंवा उन्हाळा संपता संपता उरलेली कैरी. पाणी घालायचं नाही, वाफेवर होऊ द्यायचं. भाकरीसाठी उकळत्या पाण्यात मीठ टाकून तांदळाचं पीठ घालायचं, झाकून उकड काढायची आणि चटका सोसत मळायची. मळण्यात कसूर झाली की भाकरीच्या कडा फाटतात. थापताना पिठाऐवजी पाण्याचा हात लावतात, म्हणून आगरी बाईची भाकरी पांढरीशुभ्र आणि लुसलुशीत राहते. वरचा पापुद्रा फुगून आला की अर्धं काम फत्ते.

या भाकरीमागे आणखी एक इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. 17 मार्च 1970 रोजी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतल्या 95 गावांच्या जमिनी ठरल्या. त्यांत भातशेती होती, मिठागरं होती. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी मोबदल्यासाठी लढा दिला. जानेवारी 1984 मध्ये उरण भागात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. स्वतःच्या खारीतला तांदूळ मात्र गेला तो गेलाच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सांडपाण्यानं खाडीची मासळीही ओसरली. आज कोपरखैरणे किंवा नेरूळच्या गावठाणात चार मजली घराच्या स्वयंपाकघरात तांदळाची भाकरी थापली जाते, तिचं पीठ दुकानातलं असतं आणि जवळा बहुतेक वेळा बाहेरून आलेला. तरी लग्नाच्या हळदीला आणि रविवारच्या दुपारी तीच लागते. शेत नसताना शेताची चव धरून ठेवण्याचा हा मार्ग आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

नवी मुंबईतला दुसरा मोठा घास घाटावरून आला. मुंबईतले कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळं-भाजी यांचे घाऊक बाजार ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्यानं वाशी-तुर्भ्याला हलले आणि त्यांच्याबरोबर माथाडी कामगार आले. सातारा, सांगली, पुण्याच्या जुन्नर-आंबेगाव भागातली ही माणसं. पाठीवर शंभर किलोचं पोतं, पहाटेपासून गाड्या रिकाम्या करायच्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि 1969 चा माथाडी कायदा झाला तोवर ना पगाराची हमी होती ना घराची. या माणसांचं अन्न म्हणजे भाकरी, ठेचा आणि पिठलं. बेसन, कांदा, मिरची, पाणी. दहा मिनिटांत होतं आणि भाजी नसली तरी अडत नाही.

1972 च्या दुष्काळात तर भाजी ही चैनच होती. रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, रोजगार हमीच्या कामांवर सुकडी वाटली जायची. त्या वर्षांत गाव सोडून कामासाठी मुंबई-ठाण्याकडे आलेल्या कितीतरी कुटुंबांच्या बोलण्यात मिलोच्या भाकरीचा उल्लेख अजून येतो, पण कौतुकानं कधीच नाही. पिठल्याचा मात्र कौतुकानं येतो. टंचाईचं सगळंच अन्न प्रिय होत नाही हे इथे दिसतं. मिलो सरकारी गोदामातून आली आणि तिला घरच्यासारखं करण्याची संधीच मिळाली नाही. पिठलं आईनं आपल्या हातानं, आपल्या मिरचीत रांधलं. गिरणगावातही हेच घडलं होतं. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना बायका घरगुती खानावळीतून जेवू घालत. सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या या खानावळवाल्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गावाकडच्या चवीचं जेवण शहरात टिकलं ते या बायकांच्या कष्टावर.

कोकणातून आलेल्यांची गोष्ट वेगळी नाही, फक्त कडधान्य बदलतं. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ येतो, त्याला वेगळं पाणी लागत नाही. म्हणून गरिबाच्याही घरी तो असायचा. गणपतीहून परतताना ठाणे स्टेशनात उतरणाऱ्या बोचक्यांत कुळथाच्या पिठाची पुडी हमखास असते.

साबुदाण्याच्या खिचडीचा प्रवास तर सगळ्यांत लांबचा. आपला साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओकाचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आताच्या केरळातल्या त्रावणकोर संस्थानच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी 1880 च्या दशकात त्याच्या लागवडीला जोर दिला, कारण भात कमी पडला तर प्रजेला खायला काहीतरी हवं होतं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा साबुदाणा बंद झाला आणि तमिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकापासून तो बनवण्याचा धंदा उभा राहिला. एकादशीला आपण शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून खिचडी परततो, तेव्हा शेंगदाणा, मिरची, बटाटा आणि साबुदाणा हे चारही परदेशातून आलेले असतात. उपासाच्या दिवशी पोटाला आधार देण्याचं काम त्यांनी इतकं चोख केलं की त्यांना परकं कुणी म्हणेना.

रस्त्यावरच्या पदार्थांना वेळेच्या टंचाईनं जन्म दिला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि हे गाव मुंबईच्या घड्याळाला बांधलं गेलं. पाव त्याच्या खूप आधीचा. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत इथे जवळपास दोनशे वर्षं पाव आणणारे पोर्तुगीज होते. बटाटेवडा आणि पाव एकत्र आणण्याचं श्रेय दादर स्टेशनबाहेरच्या अशोक वैद्यांना दिलं जातं, साल 1966. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार बंद झाले आणि कित्येक कामगारांनी वड्याच्या गाड्या टाकल्या. ठाण्यात या वड्याला स्वतःचं घराणं मिळालं. कुंजविहारचा हातभर मोठा वडापाव, नौपाड्यात गजाननची बेसनाची पिवळी चटणी. लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाला घरी पोचायला अजून रिक्षाची रांग बाकी असते. त्या रांगेच्या आधीचा गरम वडा ही त्याची दिवसातली पहिली स्वतःची दहा मिनिटं असतात.

मामलेदार कचेरीजवळची मिसळ स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झाली. कचेरीत सातबारा, दाखला, कोर्टाची तारीख यासाठी मुरबाड-शहापूरहून आलेली माणसं दिवसभर ताटकळत, आणि मटकीच्या उसळीवर जाळ कट आणि पाव खाऊन तरतरीत होत. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं की खोळंब्याचा राग निम्मा उतरत असावा. पुढे वागळे इस्टेट उभी राहिली, पाळ्यांचे कामगार आले आणि तिखट, स्वस्त, पोटभरीच्या न्याहारीचं गिऱ्हाईक आणखी वाढलं.

1983 मध्ये मॅगी बाजारात आली. सिडकोच्या वसाहतींत आईवडील दोघंही कामाला जात, आणि दुपारी कुलूप उघडून घरात शिरणाऱ्या मुलांनी स्वतःच्या हातानं केलेलं पहिलं गरम अन्न अनेकदा तेच होतं. ती मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि पावसात त्यांना मॅगीच आठवते. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

आत्ताची टंचाई रांधणाऱ्या हातांची आहे. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी भागांत पोळीभाजी केंद्रं आता अंगवळणी पडली आहेत. मुलं परदेशी असलेले आजीआजोबा आणि आयटी पार्कात रात्रपाळी करणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी पोरं हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. तिथे आता पिठलं-भाकरी, वरणभात आणि आमटीही मिळते, आणि काही ठिकाणी सांगून ठेवलं तर आजाऱ्यासाठी मऊ भातही करून देतात. ही केंद्रं चालवणाऱ्या बायका नेहमीच्या गिऱ्हाइकाचं पथ्य लक्षात ठेवतात, कुणाला तिखट चालत नाही, कुणाला वरणात गूळ लागतो. प्रेमाताईंच्या खानावळवाल्यांचंच काम त्या पुढे नेत आहेत.