हॅब्सबर्ग घराण्यातील आप्तविवाह

ऑस्ट्रिया व स्पेनवर राज्य करणाऱ्या हॅब्सबर्ग राजघराण्यात सोळाव्या-सतराव्या शतकांत जवळच्या नात्यात होत राहिलेली लग्ने. लढाईपेक्षा लग्नाने राज्य स्वस्तात पडते, हे या घराण्याने लवकर ओळखले होते. १४७७ मध्ये या घराण्यातील मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीशी लग्न केले आणि नेदरलँड्स घरात आले. १४९६ मध्ये त्याचा मुलगा फिलिप याचे स्पेनची राजकन्या हुआना हिच्याशी लग्न झाले आणि त्या वाटेने पुढे स्पेनही आले. त्यांचा नातू, स्पेनचा राजा दुसरा फिलिप, याची आई पोर्तुगालची राजकन्या होती. त्या आजोळच्या नात्यावर त्याने १५८० मध्ये पोर्तुगालची गादी मिळवली आणि गोवा, वसई, चौल ही ठाणी १६४० पर्यंत स्पेनच्या राजाच्या छत्राखाली राहिली.

मिळवलेले बाहेर जाऊ नये, ही पुढची चिंता. सून तोलामोलाची हवी, धर्मसुधारणेनंतर, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथ वेगळे झाल्यावर, तर कॅथलिकच हवी. घराण्याच्या दोन शाखा होत्या, एक स्पेनची आणि एक ऑस्ट्रियाची; अशा मुली बहुधा दुसऱ्या शाखेतच सापडत. चर्चला हे नाते निषिद्ध होते, पण पोपची खास परवानगी मिळे. स्पॅनिश शाखेच्या राजांच्या अकरा लग्नांपैकी नऊ रक्ताच्या नात्यातली होती.

दुसऱ्या फिलिपने १५७० मध्ये सख्ख्या बहिणीची मुलगी केली. १६४९ मध्ये चौथ्या फिलिपनेही तेच केले. ही भाची मारियाना आधी त्याच्याच मुलाला दिलेली होती. मुलगा वारला, तेव्हा होणारा सासरा नवरा झाला. त्यांचा मुलगा दुसरा कार्लोस (१६६१–१७००). हे नाते मराठीत सांगितले की गुंता उघड होतो: त्याची आई ही त्याची आतेबहीण आणि आईची आई ही सख्खी आत्या. २००९ मध्ये स्पॅनिश जनुकशास्त्रज्ञांनी त्याचा अंतःप्रजनन गुणांक (एकाच पूर्वजाचे जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळण्याची शक्यता) ०.२५४ काढला. सख्ख्या भावाबहिणींना मूल झाले तर तो साधारण एवढाच भरतो.

कार्लोस चालायला-बोलायला उशिरा लागला. पुढे आलेल्या खालच्या जबड्यामुळे त्याला नीट चावता येत नसे आणि दोन लग्ने होऊनही मूल झाले नाही. सगळा दोष रक्ताच्या माथी मारणे मात्र घाईचे ठरेल. त्याची सख्खी बहीण मार्गारिता याच आईबापांची, पण तिच्यात असे व्यंग नव्हते. स्पेनचा दरबारी चित्रकार वेलाझ्केझ याच्या १६५६ च्या ‘लास मेनिनास’ चित्रात मध्यभागी उभी असलेली गोरी पोर ती हीच. तिची चित्रे व्हिएन्नाला ज्या वाग्दत्त वराकडे जात, तो सम्राट लिओपोल्ड तिचा सख्खा मामा. १६६६ मध्ये त्यांचे लग्न झाले. १६७३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ती वारली.

कार्लोसने मृत्युपत्रात गादी सावत्र बहिणीच्या नातवाला, फ्रान्सच्या बूर्बाँ घराण्यातील फिलिपला दिली. व्हिएन्नाच्या शाखेला ते मान्य नव्हते. त्यातून पेटलेले स्पॅनिश वारसायुद्ध १७०१ पासून १७१४ पर्यंत चालले, पण माद्रिदची गादी बूर्बाँकडेच राहिली.