मरीन प्लायला पाणी लागत नाही?

स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना ‘मरीन प्लाय घ्या, त्याला पाणी लागतच नाही’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आला आहे. प्रत्यक्षात मरीन प्लायसाठीच्या आयएस 710 या भारतीय मानकातील 72 तास उकळण्याची चाचणी प्लायचे थर जोडणाऱ्या रेझिनची, म्हणजे चिकटवणाऱ्या पदार्थाची, पकड तपासते. थर मात्र लाकडाचेच असल्याने उघड्या कडांतून पाणी शोषले जाते, आणि म्हणूनच सिंकखालच्या कपाटात कडा नीट बंद करणे मला शीटच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे वाटते. खरेदीपूर्वी शीटवरचा मानक क्रमांक वाचावा आणि दुकानदाराकडून नमुन्याचा छोटा तुकडा मागून तो घरी काही तास उकळावा. तुकडा पाणी पिऊन जड झाला तर त्यात गैर काही नाही. थर सुटू लागले, तर मात्र ती शीट घेऊ नये.